म्हैसूरचा राजवाडा नेमका कुठे उभं राहून बघायचा? (बांधकाम, दरबार, दसरा)

सज्जा (धागा)

म्हैसूरच्या राजवाड्याबद्दल सुट्ट्यांच्या तोंडावर हमखास विचारणा होते आणि उत्तरं "चपला बाहेर काढाव्या लागतात, दोन तास पुरतात" एवढ्यावर आटपतात. इमारतीबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून हा स्वतंत्र धागा. जाणकारांनी भर घालावी, चूक दिसली तर बिनधास्त कान पकडावा.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय बांधकामाचा उलगडा होत नाही. श्रीरंगपट्टण पडल्यावर वाडियार घराणं म्हैसूरला परत आलं आणि १८०३ पर्यंत नवा राजवाडा उभा राहिला. तो प्रामुख्याने लाकडी. फेब्रुवारी १८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या लग्नसमारंभातच त्याला आग लागली आणि तो गेला. त्याआधी १८९४ च्या डिसेंबरात महाराज चामराजेंद्र वारले होते. मुलगा कृष्णराज अज्ञान, कारभार राणी केंपनंजम्मण्णी रीजंट म्हणून बघत होत्या. नव्या राजवाड्याचा निर्णय या बाईंचा. वास्तुविशारद नेमले हेन्री आयर्विन. सिमल्याचं व्हाइसरॉयचं निवासस्थान (१८८८) त्यांचंच, आणि मद्रास हायकोर्टाचं बांधकामही (१८९२) त्यांनीच पुरं केलं. म्हैसूरचं काम १८९७ च्या अखेरीस सुरू झालं, १९१२ ला संपलं. खर्च ४१,४७,९१३ रुपये. मधली वर्षं राजघराणं शेजारच्या जगन्मोहन राजवाड्यात राहिलं.

मूळ इमारत २४५ फूट लांब, १५६ फूट रुंद. तीन मजली, करड्या ग्रॅनाइटची. मधला मनोरा पाच मजली, जमिनीपासून सोनेरी कळसापर्यंत १४५ फूट. दर्शनी भागात सात मोठ्या कमानी, आणि मधल्या कमानीला बिलगून दोन अरुंद कमानी. मधल्या कमानीवर गजलक्ष्मी.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक दक्षिणेच्या वराह दरवाजाने आत येतात, रांगेला लागतात आणि रांग नेईल तसे आतून फिरून बाहेर पडतात. त्यामुळे इमारत कोणासाठी बांधली हेच निसटतं. पहिल्या मजल्यावरचा सार्वजनिक दरबार हॉल मैदानाच्या बाजूने उघडा आहे. तिकडे भिंत नाहीच, फक्त खांब आणि कमानी. आत सिंहासनावर बसलेला राजा खालच्या मैदानातल्या गर्दीला दिसला पाहिजे, आणि राजाला फौज, हत्ती, रयत दिसली पाहिजे, यासाठी ही सगळी खटपट. तेव्हा हॉलमधून खाली बघायच्या आधी मैदानात, पूर्वेच्या जयमार्तंड दरवाजाच्या रेषेत, जाऊन उभे राहा आणि तिथून वर बघा. खांबांमधली अंतरं, कमानींची उंची, मधला मनोरा, सगळं त्या जागेवरून जुळवलेलं आहे. आत नऊ कमानी एकेक करून दिसतात. बाहेरून त्या एका सलग सज्जासारख्या दिसतात.

आजचा हा दर्शनी भाग १९१२ चा जसाच्या तसा नाही. कृष्णराजांनंतरचे महाराज जयचामराजेंद्र यांच्या काळात, १९४० च्या सुमारास, दरबार हॉलचा विस्तार झाला. जुन्या छायाचित्राशी ताडताना गोंधळ होतो तो यामुळे.

बिडाचीकढई

धागा छान. आगीचा मुद्दा अजून ताणायला हवा, तीच या इमारतीची गुरुकिल्ली आहे.

कल्याण मंडप बघा. अष्टकोनी दालन, वर रंगीत काचेचा घुमट, काचेत आणि खालच्या फरशीत मोर. हा घुमट तोलणारे खांब दगडाचे नाहीत, लाकडाचेही नाहीत. ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहेत, ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेन यांच्या सॅरासेन फाउंड्रीतून ओतून आलेले. या फाउंड्रीचा धंदाच नमुनापुस्तिकेवर चालायचा. खांब, कठडे, कमानीतली जाळी, कारंजी यांचे साचे तयार असायचे. गिऱ्हाइकाने नमुना निवडायचा, माल सुटा होऊन जहाजाने यायचा, जागेवर बोल्ट मारून जोडायचा.

बीडच का? ते दाबाखाली जबरदस्त असतं. त्यामुळे एवढा बारीक खांब एवढा भार पेलतो आणि बघणाऱ्याची नजर अडत नाही. लग्नाच्या मंडपात चहूबाजूंनी विधी दिसायला हवा, तिथे दगडी खांब घातला असता तर अर्धे पाहुणे खांबामागे बसले असते. शिवाय बीड पेट घेत नाही, आणि लग्नातच राजवाडा जळाल्यावर नव्या लग्नमंडपात लाकूड टाळणं ओघानेच आलं.

मात्र "लोखंड म्हणजे अग्निरोधक" हा गैरसमज नको. बीड ताणाखाली कच्चं असतं आणि तापलेल्या खांबावर गार पाणी पडलं तर तडकतं. एकोणिसाव्या शतकातल्या आगींत असे खांब बंब आल्यावर फुटलेले आहेत. खरी सुरक्षितता दगडी भिंती, कमी लाकूड आणि आग विझवायची साधनं जागोजागी ठेवण्यात होती.

अशा खांबांची दुखणीही ठरलेली. बहुतेक बिडाचे खांब आतून पोकळ असतात. वरच्या सांध्यातून पाणी आत शिरलं की बुडाशी साचतं आणि आतून गंज धरतो. बाहेर रंगाचे थर चढत जातात, नक्षी बुजते, गंज दिसत नाही. वर्षांनी एक दिवस बुडाजवळ उभी चीर दिसते. रंग देताना जुना थर न काढता नवा चढवणं हे या नुकसानीचं पहिलं कारण. बुडाशी तांबूस ओघळ दिसला तर पाणी आत आहे असं समजायचं.

सज्जा

@बिडाचीकढई, झकास. एक पुरवणी. आयर्विन यांनी जुन्या लाकडी राजवाड्याची मांडणी बरीचशी कायम ठेवली. तोट्टि म्हणजे आपल्याकडचा चौक. गोंबे तोट्टि म्हणजे बाहुल्यांचा चौक, करिकल्लु तोट्टि म्हणजे काळ्या दगडाचा चौक, खाजगी दरबाराचा अंबाविलास, ही जुन्याच राजवाड्यातली नावं. बाहेरून घुमट आणि मिनार आले, आत वाड्याचे चौक तसेच राहिले. मराठी माणसाने आत शिरल्यावर "हा चौक कशाचा?" असं विचारत गेलं की नकाशा आपोआप कळतो.

ओवरीकर

यात रांगेचा क्रम घालतो, म्हणजे नवख्याला उपयोग होईल.

१. गोंबे तोट्टि. नवरात्रात बाहुल्या मांडायची जागा. अंबारीही इथेच ठेवलेली असते.
२. आने बागिलु, म्हणजे हत्ती दरवाजा. पितळी. त्यावर गंडभेरुंड शोधा, दोन तोंडांचा पक्षी, म्हैसूरचं राजचिन्ह.
३. कल्याण मंडपाच्या भोवतीच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची २६ चित्रं. इथे लोक पाच मिनिटांत पुढे सरकतात, निदान वीस मिनिटं द्या. छायाचित्रांवरून काढलेली असल्याने माणसं खरी आहेत: कोण कोणाच्या मागे, कोणाच्या हातात काय, बँड कुठे, घोडदळ कुठे. मिरवणुकीचा क्रम समजायला याहून चांगलं साधन नाही.
४. कल्याण मंडप.
५. वर दरबार हॉल, मग अंबाविलास. इथला शिसवी दरवाजा हस्तिदंताच्या जडावाचा, त्याच्या आत गणपतीचं देवघर. छत सागवानी आणि रंगीत काचेचं.
६. उतरताना कुस्त्यांचा चौक.

दारांवरच्या जडावाचं काम बघताना मान वाकडी करून, तिरप्या उजेडात बघा. समोरून हस्तिदंत नुसतं पांढरं दिसतं. तिरपं पाहिलं की त्यातली कोरलेली रेघ उठते.

भोळाभाबडा

७५० किलो सोन्याची अंबारी तिथेच ठेवलेली असते का? चोरीची भीती नाही का वाटत त्यांना?

माहुताचाअंकुश

@भोळाभाबडा, ७५० किलो हे अंबारीचं एकूण वजन. सोनं त्यात ८० ते ८५ किलोच्या घरात. सांगाडा लाकडाचा, वर सोन्याचा पत्रा मढवलेला. दरवर्षी बातम्यांत "७५० किलोची सोन्याची अंबारी" असं छापून येतं आणि वाचणारा "७५० किलो सोनं" असं वाचतो.

आता हे वजन हत्तीवर कसं चढतं ते सांगतो, कारण दसऱ्याला राजवाड्याच्या अंगणात खरं अवघड काम तेच असतं.

हत्तीचा कणा वरून भार घ्यायला बनलेला नाही. मणक्यांचे उभे काटे पाठीच्या मध्यावर उंच येतात. त्यांवर थेट वजन आलं की कातडी सोलून निघते, आत गळू होतं. म्हणून आधी नमदा (जाड लोकरी थर) आणि गादी. वाळलेलं गवत ठासून भरलेली जाड गादी, पाठीच्या मध्यावर पोकळी राहील अशी, म्हणजे भार दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर उतरतो. मग दोरखंड. पोटाखालून, छातीपुढून आणि शेपटीखालून आवळायचे. शेपटीखालचा दोर ढिला राहिला तर उतारावर अंबारी पुढे सरकते. पोटाखालचा ढिला राहिला तर ती एका अंगाला कलते, आणि कललेली अंबारी हत्ती चालता चालता आणखी कलवतो. वर मूर्ती, पुष्पवृष्टी, गर्दी. अंबारी कलली तर मधे थांबवून दुरुस्त करणं जवळपास अशक्य. म्हणून सगळी काळजी राजवाड्याच्या आत, निघण्याआधी.

तालीम टप्प्याटप्प्याने. जंगलातल्या छावण्यांमधून हत्ती सुमारे दोन महिने आधी येतात, त्याला गजपयन म्हणतात. आधी रिकामं चालणं, मग वाळूची पोती, वजन वाढवत न्यायचं. मग लाकडी अंबारी, तीही मिरवणुकीच्याच रस्त्याने. तोफांच्या आवाजाची सवय वेगळी करावी लागते, हत्तींना आणि घोड्यांना दोघांनाही. अंबारी वाहणाऱ्या हत्तीच्या दोन बाजूंना दोन हत्तिणी चालतात, ती शोभा नाही. मोठा नर गर्दीत बिचकला तर त्याला आवरायला त्याच लागतात. साठी ओलांडलेल्या हत्तीवर अंबारी चढवत नाहीत. २०२० पासून अर्जुनाच्या जागी अभिमन्यू आला तो यामुळेच.

ओवरीकर

@माहुताचाअंकुश, तोफांचा हिशेबही सांगून टाका, लोकांना २१ तोफा शोधायची सवय असते.

माहुताचाअंकुश

तोफा सात, फैरी तीन. सात त्रिक एकवीस. विजयादशमीला अंबारीतल्या चामुंडेश्वरीला मुख्यमंत्री फुलं वाहतात, राष्ट्रगीत होतं आणि त्याच वेळी हे तोफांचं काम चालतं. मग मिरवणूक बलराम दरवाजाने बाहेर पडते आणि सुमारे पाच किलोमीटरवर बन्नीमंटपला जाते. बन्नी म्हणजे शमी. आपण आपटा लुटतो, ते शमीपाशी जातात.

मराठी वाचकांसाठी फुकटची माहिती: या मार्गातला मोठा टप्पा सय्याजीराव रस्ता. हे सय्याजीराव म्हणजे आपले बडोद्याचे सयाजीराव गायकवाड.

विजेचाखांब

दिव्यांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

राजवाड्यावर सुमारे ९७,००० दिवे आहेत. साध्या तारेचे, पिवळ्या उजेडाचे. कमान, कंगोरा, घुमटाची कड, सज्जाचा कठडा, सगळीकडे ओळीने. ते लागले की दगड नाहीसा होतो आणि इमारतीची नुसती रेघ उरते, आर्किटेक्टच्या कागदावर असते तशी. हल्ली सगळीकडे खालून झोत टाकतात, त्याने सावल्या उलट्या पडतात आणि नक्षी भेसूर दिसते. म्हैसूरच्या पद्धतीत तो दोष नाही.

वीज म्हैसूर संस्थानाला नवखी नव्हती. कावेरीवरचं शिवनसमुद्रचं जलविद्युत केंद्र १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी सुरू झालं, १९०५ ला बंगळूरला वीज आली. म्हणजे राजवाड्याचं काम चालू असतानाच संस्थानात वीज खेळत होती. दिव्यांचा थाट हा त्या काळच्या भाषेत "आमचं संस्थान पुढारलेलं आहे" असं सांगण्याचा प्रकार होता, आणि तो मैदानातल्या माणसाला उद्देशून होता.

आता हिशेब. एक दिवा १५ वॉटचा धरा. ९७,००० गुणिले १५ म्हणजे १,४५५ किलोवॉट. पाऊण तास लावले तर साधारण १,०९० युनिट. तीन फेजवर सारखा वाटला तरी प्रत्येक फेजला दोन हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह. हे एका तारेचं काम नाही, शेकडो छोट्या सर्किटांत तोडावं लागतं. शिवाय थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या एक दशांशाहूनही कमी असतो, त्यामुळे बटण दाबल्या क्षणी प्रवाह दहापटीवर उसळतो आणि क्षणार्धात खाली येतो. फ्यूज त्या हिशेबाने निवडला नाही तर दिवे लागायच्या ऐवजी निम्मा मजला काळा.

देखभालीचा हिशेब याहून मजेशीर. दिव्याचं आयुष्य १,००० तास धरलं तर एवढ्या दिव्यांत दर तासाला सरासरी ९७ दिवे जाणार. म्हणजे पाऊण तासाच्या प्रत्येक खेपेला सत्तरेक. त्यात पाऊस. तापलेल्या काचेवर थेंब पडला की काच तडकते, म्हणून पावसाळी संध्याकाळचा हिशेब वेगळाच. त्यात होल्डरमध्ये पाणी, हिरवा पडलेला पितळी संपर्क, कबुतरं. शिडीवर चढून बदलणारी माणसं बारमाही लागतात.

नवीनसदस्य_४४

एलईडी का नाही लावत मग? वीज वाचेल की.

विजेचाखांब

वाचेल, बरीच वाचेल. दीड वॉटचा एलईडी धरला तर १,४५५ किलोवॉटचे जेमतेम १४५. अडचण वेगळी आहे. तारेच्या दिव्याचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि बाजूच्या दगडालाही पिवळी झिलई देतो. स्वस्तातला एलईडी पुढेच फेकतो, मागचा दगड काळा राहतो. मग इमारतीला दिव्यांची माळ गुंडाळल्यासारखी दिसते. रंगाचं तापमान २,७०० केल्विनच्या आसपास आणि काच गोल, आत तंतूसारखी रचना असलेले दिवे घेतले तर फरक कमी होतो. पण वेगवेगळ्या खरेदीतले दिवे वेगवेगळ्या पिवळ्याचे येतात, आणि ते एका ओळीत लागले की रेघ तुटते. एकदम सगळे बदलावे लागतील आणि सुट्या दिव्यांचा साठाही त्याच खरेदीतला ठेवावा लागेल. म्हणजे पैसा विजेत वाचतो, साठ्यात जातो.

काळाकातळ

दिव्यांचं कौतुक चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. दगडी इमारतीवर एवढे होल्डर म्हणजे एवढी भोकं. भोकात लोखंडी खिळा किंवा पट्टी बसवली की ती गंजते, गंजलेलं लोखंड मूळच्या कित्येक पट फुगतं आणि ग्रॅनाइटची कपरी उडवतं. ग्रॅनाइट कितीही कणखर असला तरी आतून येणाऱ्या ताणापुढे त्याचं काही चालत नाही. अशा ठिकाणी पितळ किंवा स्टेनलेस स्टीलच हवं, आणि शक्यतो भोक दगडात पाडायच्या ऐवजी सांध्यात पाडायचं.

दुसरी नेहमीची चूक सिमेंटची. जुन्या चिरेबंदीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या असतात. पाणी आत गेलं तरी चुन्यातून श्वास घेतल्यासारखं बाहेर येतं. दरजेत सिमेंट भरलं की पाण्याला दुसरी वाट नाही, ते आतल्या गिलाव्यातून निघतं. मग चित्रांच्या मागे ओल, रंगाचे पोपडे, पांढरी क्षारांची बुरशीसारखी झाक. लोक म्हणतात "भिंतीला रंग नीट दिला नाही". दोष बाहेर, दुखणं आत. रंगीत भिंतींच्या कुठल्याही राजवाड्यात आत पोपडे दिसले तर आधी बाहेरच्या दरजा तपासायच्या.

आणि घुमट. एवढे घुमट, मनोरे, सज्जे म्हणजे तेवढ्याच पन्हळी आणि खोबणी. दोन उतार जिथे मिळतात तिथे पान, पीस, कबुतराची विष्ठा साचते. एक पन्हळ तुंबली की पाणी घुमटाच्या बुडाशी चढतं. पावसाळ्याआधी पन्हळी साफ करणं हे सगळ्यात स्वस्त जतन आहे आणि सगळ्यात आधी तेच राहून जातं.

बिडाचीकढई

@काळाकातळ +१. काचेच्या घुमटालाही हेच लागू. रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. शिसं मऊ, वर्षानुवर्षं स्वतःच्या वजनाने आणि उन्हाच्या प्रसरणाने लोंबतं. आडव्या किंवा तिरप्या छतात तर जास्तच, कारण तिथे वजन पट्टीच्या आडवं येतं. पट्टी वाकली की काचेच्या कडेची लांबी (पुटी) उघडी पडते, पाणी झिरपतं. उपाय म्हणजे वरून दुसरं साधं काचेचं छत, आणि मधली हवा खेळती ठेवणं. मधली हवा कोंडली तर उन्हात भट्टी होते आणि शिसं अजून लोंबतं.

करवीरकर

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसशी तुलना केल्याशिवाय आमच्याच्याने राहवणार कसं!

न्यू पॅलेस १८७७ ते १८८४, चार्ल्स मँट यांचा. काळा घोटीव दगड, मध्ये घड्याळाचा अष्टकोनी मनोरा. म्हैसूरच्या बराच आधीचा. आतला दरबार हॉल दुमजली उंचीचा, रंगीत काचांत शिवचरित्रातले प्रसंग. शैली तीच, इंडो-सारासेनिक, म्हणजे भारतीय-इस्लामी घाट आणि युरोपीय बांधकाम यांची सरमिसळ. फरक मात्र मूळ कल्पनेत आहे. कोल्हापूरचा दरबार बंद दालनात आहे. आत जितके मावतील तितक्यांनीच बघायचं. रयतेचा दसरा राजवाड्यासमोर होत नाही, दसरा चौकात होतो. म्हैसूरमध्ये दरबार आणि मैदान एकाच इमारतीत शिवलेले. सज्जा यांचा "मैदानातून बघा" हा आग्रह त्यामुळे पटला.

मँट यांचीच दुसरी इमारत बडोद्याचा लक्ष्मीविलास. काम १८७८ ला सुरू झालं. १८८१ मध्ये मँट गेले, पुढे रॉबर्ट चिझम यांनी १८९० पर्यंत पुरं केलं. "मँटना आपली गणितं चुकली, इमारती पडतील अशी धास्ती होती" असं सांगतात. त्या इमारती आजही उभ्या आहेत, एवढं पुरे.

सज्जा

@करवीरकर, दंडवत! दरबार बंद की उघडा, हा निकष फार कामाचा आहे. लक्ष्मीविलासचा दरबार हॉलही बंदच, व्हेनिसच्या मोझेइकची जमीन आत. पाहुण्यासाठी थाट आहे, रयतेसाठी नाही.

कायदेपंडित

सार्वजनिक भूमिकेचा कायद्याचा भाग कोणी घेतला नाही.

१९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. तोपर्यंत अंबारीत राजा बसायचा. त्यानंतर अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती आली आणि दसरा राज्य सरकारचा "नाडहब्ब", म्हणजे राज्याचा उत्सव झाला. म्हणजे आज राजवाड्यात दोन दसरे समांतर चालतात. एक सरकारी, मैदानातला, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. दुसरा घराण्याचा, आतला, खाजगी दरबार, ज्यात घराण्याचे आजचे प्रमुख यदुवीर वाडियार नवरात्रात सिंहासनावर बसतात. त्यांना राजपद नाही, तो घराण्याचा विधी आहे. २०२४ पासून ते खासदारही आहेत, त्यामुळे वर्तमानपत्रं दोन्ही गोष्टींची सरमिसळ करतात.

मालकीचं गुंतागुंतीचं आहे. १९९८ मध्ये कर्नाटकने राजवाडा संपादन करण्याचा कायदा केला, घराणं कोर्टात गेलं. लोकांसाठी उघडा असलेला भाग राजवाडा मंडळ बघतं, मागच्या भागात घराण्याचं निवासस्थान आहे. पाटी दिसली की मागे फिरायचं, वाद घालायचा नाही.

आवारात बारा देवळं आहेत. तिथे रोजची पूजाअर्चा चालते. संग्रहालयाच्या नियमांत आणि देवळांच्या नियमांत लोक घोळ घालतात.

ओवरीकर

@कायदेपंडित, सिंहासनाचं सांगायला हवं होतं, कारण त्याचा पर्यटकाला थेट फटका बसतो.

सोन्याचं सिंहासन वर्षभर सुटं करून तिजोरीत असतं. नवरात्राआधी ते दरबार हॉलमध्ये जोडतात. जोडायचा मान गेज्जगळ्ळी गावच्या लोकांचा. भाग कुठला कुठे बसतो हे त्यांनाच ठाऊक. पायऱ्या, आसन, छत्री आधी. सिंहाचं मुख मात्र नवरात्राच्या पहिल्या दिवशी मुहूर्तावर बसवतात, त्याला सिंहजोडणी म्हणतात. दसरा झाला की पुन्हा सुटं. या जोडणी-सोडणीच्या दिवशी राजवाडा काही तास लोकांसाठी बंद असतो. नवरात्रातही खाजगी दरबाराच्या वेळा बंद. तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी राजवाडा मंडळाची सूचना बघितल्याशिवाय गाडी काढू नये.

विजयादशमीच्या सकाळी आतल्या चौकात वज्रमुष्टी होते. जट्टी मल्ल बोटांत टोकदार मूठ अडकवून भिडतात, पहिलं रक्त दिसलं की कुस्ती संपली. तासन् तास उभे राहून काही सेकंदांत संपणारा प्रकार, हे मनाशी धरून जा.

भोळाभाबडा

मग फोटोसाठी चांगली वेळ कोणती? आणि दिवे कधी लागतात?

विजेचाखांब

दर्शनी बाजू पूर्वेला आहे. सकाळी उघडल्या उघडल्या ऊन समोरून पडतं, कमानींच्या आत उजेड जातो, गजलक्ष्मी नीट दिसते. दुपारनंतर इमारत स्वतःच्याच सावलीत जाते आणि मागचं आभाळ पांढरं फटक येतं.

दिवे रविवारी, सरकारी सुट्टीच्या दिवशी आणि दसऱ्यात रोज. इतर संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो, त्यात सगळे दिवे थोडाच वेळ लागतात. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून त्या दिवशीची पाटी बघायची. फोटो हवा असेल तर दिवे लागायच्या वीस मिनिटं आधी मैदानात जागा धरा आणि ते लागले की पहिल्या दहा मिनिटांत काढून घ्या. आभाळात निळं शिल्लक असतं तोवरच घुमटांची कड दिसते. काळोख पडला की दिव्यांच्या रेघा उरतात आणि कॅमेऱ्यात त्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्या होतात. एक्सपोजर दोन पायऱ्या खाली आणा.

सज्जा

आणि मैदानात उभे आहातच तर दिवे लागण्याआधी मधल्या कमानीतून आत नजर टाका. सिंहासनाची जागा दिसते का बघा. दिसली नाही तर चार पावलं मागे जा.